सत्तर गंगाधर

आमच्या नणंदबाईंना कुणी विचारलं, तुमची भावजय काय करते, तर त्या बिनदिक्कत सांगतात, "ती दवाखान्यातले कंप्युटर पाडती." पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा मला चांगलाच राग आला होता. घरी येऊन यांना म्हटलं, तुमच्या बहिणीला जरा समजावून सांगा. हे म्हणाले, आधी मला समजावून सांग, मग मी तिला सांगतो. मी अर्धा तास घसा कोरडा केला. सगळं ऐकून घेऊन हे म्हणाले, "मग ती बरोबरच सांगायली की."

तर वाचकहो, मी कंप्युटर पाडते. रीतसर परवानगी घेऊन पाडते, आणि शक्यतो रविवारी पाडते, म्हणजे सोमवारी ते आपणहून पडू नयेत. येत्या मार्चात निवृत्त होईन. तोवर या दिवाळीच्या निमित्तानं चार गोष्टी सांगून टाकते. एकदा घरी बसले की माझं ऐकायला फक्त हे उरणार, आणि ते कसे ऐकतात ते तुम्ही वर वाचलंच आहे.

माझी नोकरी एका दवाखान्याच्या संस्थेत. परभणीत मोठा दवाखाना, आणि पाथरी, पूर्णा धरून तालुक्याच्या गावी छोटी केंद्रं. नोंदणी, औषधं, तपासण्यांचे रिपोर्ट, सगळं कंप्युटरवर. रोज सत्तरेक माणसं त्यावर बसतात. मी लागले ती टायपिस्ट म्हणून. मग कंप्युटर आले, आणि त्यांना हात लावायला सगळे घाबरत होते तेव्हा मी लावला, एवढंच माझं कर्तृत्व. पुढं शिकत गेले, परीक्षा दिल्या, आणि गेली पंधरा वर्षं हे पाडापाडीचं खातं माझ्याकडं आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती आमच्या डॉक्टर साहेबांनाही दोन वर्षं कळली नव्हती. या सत्तर माणसांच्या टेबलावर कंप्युटर नाहीच. टेबलावर पडदा, कीबोर्ड, माउस आणि पडद्यामागं जेवणाच्या डब्याएवढी एक डबी. खरा कंप्युटर, म्हणजे सर्व्हर, परभणीत एका थंडगार खोलीत. पाथरीत बटण दाबलं की काम परभणीत होतं आणि त्याचं चित्र तेवढं पाथरीत दिसतं. कंपनीवाले याला व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. आम्ही डबी म्हणतो.

डॉक्टर साहेब म्हणजे संस्थेचे प्रमुख. वय सत्तरीपुढं, हाताला गुण, आणि कंप्युटरशी उभा दावा. एका खंडेनवमीला सगळ्यांनी आपापल्या डब्या पुसल्या, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. साहेबांनी आपल्या डबीपुढं हात जोडले आणि मग मला विचारलं, खरा कंप्युटर तिकडं आणि पूजा इकडं, तर ही पोचते का? झालं. नारळ घेऊन सगळी वरात सर्व्हरच्या खोलीकडं निघाली. मी दारात आडवी उभी राहिले. सर्व्हरवर नारळाचं पाणी पडलं असतं तर पुढचे आठ दिवस अख्ख्या दवाखान्याला नारळच फोडत बसावं लागलं असतं. शेवटी तडजोड झाली: नारळ पायरीवर आणि हळदकुंकू चौकटीला. मी बौद्ध घरातली, वडील पूर्णेला रेल्वेत खलाशी होते. पूजेचं मला काही नाही. पण वर्षातून एक दिवस सत्तर माणसं डबीवरची धूळ पुसतात, या प्रथेला माझा मनापासून पाठिंबा आहे. एरवी सांगून सांगून मी दमते.

तर पाडायचं ते कशासाठी? लग्नात आचारी छातीठोक सांगतो, हजार पानं आरामात उठवतो. खरं-खोटं कळतं ते पंगत बसल्यावरच, आणि तेव्हा वधुपित्याच्या हातात काही उरलेलं नसतं. आदल्या दिवशी हजार खोटी माणसं बसवून आचाऱ्याची परीक्षा घेता आली असती तर? सर्व्हरच्या बाबतीत ते करता येतं. एका माणसाचं काम नोंदवून घ्यायचं: कुठं क्लिक केलं, काय टाइप केलं, मध्ये किती थांबला. मग तेच काम करणारी सत्तर, शंभर, दोनशे खोटी माणसं एकदम सर्व्हरवर सोडायची आणि तो कितव्याला गुडघे टेकतो ते बघायचं. याला लोड टेस्ट म्हणतात. मधे थांबण्याच्या वेळेला आमच्या भाषेत विचाराचा वेळ म्हणतात. खरा माणूस सारखा बटणं दाबत नसतो, तो कधी डोकं खाजवतो, कधी चष्मा शोधतो. ते धरलं नाही तर परीक्षा खोटी ठरते.

या खोट्या माणसांना नावं द्यावी लागतात. कंपनीचे लोक एक, दोन, तीन असे नंबर देतात. मला ते फार रुक्ष वाटायचं. पहिल्या टेस्टच्या वेळी भाचीच्या लग्नाच्या आमंत्रणाची यादी घरातच पडलेली होती. मी तीच वापरली. रविवारी दुपारी आमचे सगळे मामा, आत्या, साडू, विहीण सर्व्हरवर चढले आणि तीन तास इमानेइतबारे राबले. मी विसरले एवढंच की आमच्याकडं हजेरी लागते ती कंप्युटर उघडल्यावर.

सोमवारी व्यवस्थापक चौधरी साहेबांच्या टेबलावर हजेरीचा कागद गेला. चौधरी साहेब म्हणजे शिस्तीचा माणूस. कारणे दाखवा नोटीस काढल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. रविवारी हजर असलेले पण सोमवारी न सांगता गैरहजर असे भरपूर कर्मचारी त्यांना सापडले. दुपारपर्यंत अकरा नोटिसा टाइप झाल्या होत्या आणि शिपाई एकेक नाव शोधत दवाखानाभर फिरत होता. तो माझ्यापाशी आला तेव्हा वरची नोटीस आमच्या रुक्मिणआत्याच्या नावानं होती. मी चौधरी साहेबांकडं गेले आणि सांगितलं की आत्या पालमला असतात, वय अठ्ठ्याहत्तर आहे, आणि नेमणूक नसताना त्या रविवारी ड्यूटीवर आल्या असतील तर त्यांचा सत्कार करा. साहेबांना ही सूचना काही रुचली नाही.

ती टेस्ट पासही झाली आणि फुकटही गेली. सोमवारी नऊ वाजून नऊ मिनिटांनी सर्व्हर बसला. झालं असं की मी माझ्या पाहुण्यांना दोन-दोन, तीन-तीन असं सावकाश आत सोडलं होतं. खरी माणसं तशी येत नाहीत. आमच्याकडं ड्यूटी नऊला आणि दहा मिनिटांची सूट. ती सूट कुणीही वाया जाऊ देत नाही. सत्तरच्या सत्तर माणसं नऊ वाजून नऊ मिनिटांनी एकदम कंप्युटर उघडायची. हे कळायला मला कुठलंच यंत्र लागलं नाही, मी फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर चार दिवस उभी राहिले. मग पाथरीची वेळ अर्धा तास आधी आणि पूर्णेची अर्धा तास नंतर करून घेतली. सर्व्हर तोच, माणसं तीच, आणि रोग गायब. पंधरा ऑगस्टला मला शाल मिळाली. डॉक्टर साहेबांनी भाषणात मला संस्थेची नाडीपरीक्षक म्हटलं, आणि माझं तिथंच चुकायला सुरुवात झाली.

मी हुरळले, दुसरं काय. नाडीपरीक्षक म्हटल्यावर नाडी बघायला नको? मी सर्व्हरवर एक पहारेकरी बसवला. म्हणजे एक छोटा प्रोग्राम. तो दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक माणसाच्या कामात डोकावायचा, त्यानं किती विंडो उघडल्यात, प्रत्येक विंडो किती जागा खाते ते मोजायचा आणि माझ्या भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत पट्ट्या काढायचा. हिरवी पट्टी म्हणजे बरं, पिवळी म्हणजे जरा बघा, लाल म्हणजे पळा. मला त्या पडद्याचं व्यसन लागलं. सकाळी आले की पर्स ठेवायच्या आधी मी पट्ट्या बघायचे. कोण किती काम करतं, कोण पत्ते खेळतं, सगळं दिसायचं. औषध विभागातल्या एका गृहस्थांना मी सहज विचारलं, काल डाव सुटला का, तर ते महिनाभर मला बघून रस्ता बदलायचे.

काही महिन्यांनी तक्रारी परत सुरू झाल्या. आता सकाळी नाही, साडेदहा ते साडेअकरा, म्हणजे ऐन गर्दीत. माउस हलायचा नाही, टाइप केलेली अक्षरं उगवायची नाहीत, आणि पाच-दहा सेकंदांनी सगळं धपकन एकदम यायचं. सगळ्या केंद्रांवरून फोन. मी काय केलं? पहारेकऱ्याला सांगितलं, पंधरा मिनिटांनी नको, दर पाच मिनिटांनी बघ. तक्रारी वाढल्या. मग सांगितलं, दर दोन मिनिटांनी बघ. तक्रारी आणखी वाढल्या. पण माझ्या पडद्यावर आता चोर स्पष्ट दिसायला लागला होता. सगळ्यांच्या पट्ट्या बोटभर, आणि एकाची ताडमाड, लालभडक. पाथरीच्या नोंदणी काउंटरवरचा गंगाधर. इतरांच्या दोन-तीन विंडो उघड्या असायच्या. याच्या बावीस.

मी रिपोर्ट लिहिला. पाथरी केंद्रावरील एका कर्मचाऱ्याच्या कामाच्या पद्धतीमुळे संपूर्ण यंत्रणेवर ताण येतो, असं छान वाक्य घातलं, पट्ट्यांचं रंगीत चित्र जोडलं आणि खाली सही केली. चौधरी साहेबांना इतकं सरळ प्रकरण पूर्वी कधी मिळालं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी गंगाधरच्या बदलीचा आदेश टाइप करून घेतला: परभणीला, मुख्य कार्यालयात, नजरेखाली. राहिली फक्त डॉक्टर साहेबांची सही.

साहेबांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. मला विचारलं, "गंगाधरच्या बापाला लकवा झालाय ना?" मला माहीत नव्हतं. साहेबांनीच त्या म्हाताऱ्याला तपासलं होतं. घर केंद्राच्या मागच्याच गल्लीत. गंगाधरची बायको बाहेरगावच्या शाळेत शिक्षिका, ती संध्याकाळी येते. दुपारी म्हाताऱ्याला कुशीवर वळवायला आणि घास भरवायला गंगाधरशिवाय कुणी नाही. परभणीला रोज एसटीनं जायचं-यायचं ठरलं तर ते संपलंच. साहेब म्हणाले, "तुमची ती पाडापाडी करा एकदा. सगळ्यांनी गंगाधरसारखं काम केलं तर काय होतं ते मला दाखवा. दोष खरंच त्याचा असंल तर मी सही करतो." रविवार ठरला.

आता गंगाधरसारखं काम करणारी खोटी माणसं बनवायची तर आधी खऱ्याला नोंदवायला हवं. गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी पाथरीला गेले. चाळिशीचा, काटकुळा, इस्त्रीचा शर्ट, कमी बोलणारा माणूस. मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि त्याच्या डबीवर माझा नोंदणीचा प्रोग्राम सुरू केला.

त्या दिवशी जे बघितलं तसं मी पंधरा वर्षांत बघितलं नव्हतं. लोक यायच्या आधी अर्धा तास गंगाधर बसायचा आणि त्या दिवशी कोण येणार याचा अंदाज घेऊन एकेकाचा कागद पडद्यावर उघडून मांडून ठेवायचा. बाजारात भाजीवाली सकाळी जशी मांडामांड करते तशी. गुरुवार म्हणजे शुगरच्या गोळ्या न्यायला येणारे, पहिल्या जीपनं येणारे अमुक, वरच्या आळीतल्या तमुक काकू. बावीस विंडो त्यामुळं. माणूस काउंटरला टेकला की त्याचा कागद तयार. परभणीत आमच्या हुशार मुली नाव विचारतात, गाव विचारतात, जुना नंबर शोधतात. त्यांची रांग दोन वाजेपर्यंत हलत नाही. पाथरीची रांग बारालाच संपली.

मधे मधे पडदा थिजायचा. तेवढ्या वेळात गंगाधर समोरच्या माणसाची चौकशी करायचा. गुडघा काय म्हणतो, सून बाळंत झाली का, कापूस वेचून झाला का. माणूस सांगत बसायचा, पडदा जागा व्हायचा आणि गंगाधर बटण दाबून चिठ्ठी हातात द्यायचा. आपण थांबलो हे समोरच्याला कळायचंसुद्धा नाही. मी माझ्या वहीत लिहून घेतलं: विचाराचा वेळ, वीस सेकंद. आणखी काही लिहिलं नाही.

एक वाजता तो म्हणाला, घरी जाऊन येतो, आणि मग जरा घुटमळून म्हणाला, तुमी पण चला. त्यानं बापाला उठवून बसवलं, दुधात भाकरी कुस्करली आणि एकेक घास भरवला. म्हातारा प्रत्येक घासाला माझ्याकडं बघून हसत होता. हसू अर्ध्याच तोंडावर यायचं. मग गंगाधरनं मला ताट वाढलं, ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. ज्याच्या बदलीच्या रिपोर्टवर मी सही केली होती त्याच्या घरी मी दोन भाकरी खाल्ल्या. रिपोर्टाचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. पिठलं फार चांगलं झालं होतं, तेवढं मात्र मी सांगितलं.

रविवारी सर्व्हरच्या शेजारच्या खोलीत डॉक्टर साहेब, चौधरी साहेब आणि मी. या वेळी आत्या-मामा चालणार नाहीत अशी लेखी ताकीद आली होती, म्हणून मी खोट्या माणसांची नावं ठेवली गंगाधर एक, गंगाधर दोन, अशी सत्तरपर्यंत. हजेरी आधी बंद केली. नाहीतर सोमवारी सत्तर नोटिसा निघाल्या असत्या आणि सगळ्या पाथरीच्या एकाच पत्त्यावर गेल्या असत्या.

मी दहा गंगाधर सोडले. सर्व्हर शांत. वीस, तीस. चौधरी साहेब खुर्चीत पुढं सरकून बसले, कुस्ती बघायला बसतात तसे. पन्नास. साठ. सत्तर गंगाधर, प्रत्येकाच्या बावीस विंडो, आणि सर्व्हरला घामसुद्धा नाही. एकही गंगाधर अडखळेना. अर्धा तास झाला तरी काही होईना. साहेबांनी चष्मा काढून पुसला. चौधरी साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही त्याच्या घरी जेवलात असं कळलं. टेस्ट जरा सौम्य केली की काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला कुणी काहीही म्हणावं, माझ्या टेस्टला म्हणू नये. मी एकेक गोष्ट तपासायला बसले. गंगाधर तोच, विंडो तेवढ्याच, वेग तोच. रोजच्या कामाच्या दिवसात आणि या रविवारात फरक काय? एकच होता. टेस्ट चालू असताना दुसरं काही चालू ठेवायचं नाही असा आमच्या कामाचा नियम, म्हणून माझा पहारेकरी मी बंद ठेवला होता.

मी तो सुरू केला. दोन मिनिटांत सत्तरच्या सत्तर गंगाधर थिजले. बंद केला, सगळे चालायला लागले. परत सुरू केला, परत थिजले. तिसऱ्यांदा करून बघायची गरज नव्हती, तरी बघितलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

उलगडा अगदी सोपा होता. पहारेकरी प्रत्येक माणसाच्या प्रत्येक विंडोत डोकावून मोजदाद करायचा, आणि तो डोकावत असताना त्या माणसाला हात आखडून थांबावं लागायचं. गर्दीच्या वेळी त्याची एक फेरी संपायच्या आत मी दुसरी फेरी लावून ठेवली होती. ज्याच्या विंडो जास्त त्याच्याकडं तो जास्त वेळ रेंगाळायचा, म्हणून गंगाधरची पट्टी ताडमाड. आणि तक्रार आली की मी आणखी डोकावायला सांगत होते. चौकशीला आलेली बाई घराच्या दारात तास तास उभी राहावी आणि वर म्हणावी, तुमच्या दारात फार गर्दी असते, त्यातला प्रकार.

तुम्हाला खरं सांगते, त्या वेळी गप्प बसायचा मोह मला झाला. साहेब पडद्याकडं बघत होते, पण त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. चौधरी साहेब मोबाइलमध्ये होते. एक सेटिंग बदलायचं राहिलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. आमच्या धंद्यात सेटिंग या शब्दाखाली काहीही झाकलं जातं. पहारेकरी मी गुपचूप काढून टाकला असता, तक्रारी थांबल्या असत्या, आणि गंगाधरचं काय करायचं ते चौधरी साहेबांनी केलं असतं. बदलीचा आदेश माझ्या रिपोर्टासकट टेबलावरच पडलेला होता. शाल मिळालेली बाई मी. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले. लाज वाटत होती, आणि भीतीही.

मी म्हटलं, "साहेब, हा गंगाधर नाही. ही मी."

मग सगळं सांगितलं. मधे थांबले नाही. डॉक्टर साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग ते हसायला लागले, इतके की खोकला आला. "म्हणजे ताप बघायला लावलेल्या थर्मामीटरनंच पेशंटला ताप आणला," असं म्हणून त्यांनी बदलीचा आदेश उलटा केला, कोरी बाजू माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, नवा रिपोर्ट यावर लिहा, इथंच. मी लिहिला. चौधरी साहेबांनी दुसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस दिली. सगळ्या नोकरीत मला आलेली ती एकच नोटीस, आणि त्यांनी आजवर काढलेल्या नोटिसांत मला तरी खरी वाटलेली तीच एक. मी ती शालीसोबत कपाटात ठेवली आहे. कारण दाखवताना मी एकाच ओळीत लिहिलं, मला बघत बसायची सवय लागली होती.

त्या मंगळवारी मी पाथरीला गेले. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. रांग संपेपर्यंत बाकड्यावर बसले. आता पडदा थिजत नव्हता. एक आजी चिठ्ठी हातात पडली तरी काउंटरवरून हलेनात, गंगाधरनं त्यांना काही विचारलंच नव्हतं ना. मग त्यानं विचारलं, गुडघा काय म्हणतो, तेव्हा कुठं त्या हलल्या.

रांग संपल्यावर मी त्याच्यापुढं उभी राहिले आणि सांगितलं की चूक माझ्या प्रोग्रामची होती, म्हणजे माझीच होती, आणि तुझ्यावर मी खोटा रिपोर्ट लिहिला, मला माफ कर. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पण तेव्हा मीच लहान वाटत होते.

गंगाधर शांतपणे म्हणाला, "मला म्हाईत होतं, बाई."

त्यानं मागं वळून भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि काउंटरवर ठेवलं. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीनं बारीक बारीक आकडे लिहिलेले. पडदा किती वाजून किती मिनिटांनी थिजला, ते. त्यानं पानं उलटत बोट ठेवून दाखवलं. हितं दर पंधरा मिनिटाला अडकायचं. हितून पाच मिनिटाला. आन् हितून दोन. "माणूस असं घड्याळावर काम करत न्हाई," तो म्हणाला. "कुणीतरी यायलंय, बघून जायलंय, हे मला कळायलं होतं."

लाखमोलाची म्हणून मिरवलेली माझी पट्ट्यांची भिंत, आणि तिच्यात जे दिसलं नाही ते या माणसानं फुकट आलेल्या कॅलेंडरावर पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं. मी विचारलं, "अरे, मग मी गुरुवारी दिवसभर तुझ्या शेजारी बसले होते. तुझ्या घरी जेवले. तेव्हा का नाही सांगितलंस?"

तो जरा ओशाळला. मग म्हणाला, "तुमीच सकाळी आल्या आल्या म्हणला होता, गंगाधर, मी हितं न्हाईच असं समजून काम कर. मग मी तसं समजलो."

खरं होतं. नोंद घ्यायला बसताना समोरच्याला असंच सांगायची आमच्यात रीत आहे, म्हणजे तो बिचकत नाही आणि रोजच्यासारखा वागतो. पंधरा वर्षांत कितीतरी टेबलांशेजारी बसून मी हे वाक्य म्हटलंय. ते आणखी किती जणांनी पाळलं असेल, कोण जाणे.